काटकोनाचे दोन अर्धे

गेल्या महिन्यांत या सदरांत आम्हीं तांब्याच्या बंबाविषयीं लिहिलें होतें. त्यावर एका वाचक-भगिनीचें पत्र आलें. त्या लिहितात, "आपण जुन्या वस्तूंविषयीं फार लिहितां. परंतु आजकाल जीं नवीं यंत्रें घेऊन कारागीर आमच्या घरांत शिरतात, त्यांविषयीं कांहीं लिहाल काय? आमच्या नव्या घरीं सुतारानें दारांच्या चौकटींभोवतीं सागाची शोभेची पट्टी मारली. तिचे सर्व कोपरे उघडे पडले असून त्यांत त्यानें पुट्टी भरून ठेविली आहे. दोष सुताराचा, लांकडाचा, कीं यंत्राचा?"

योगायोग असा कीं, हें पत्र येण्यापूर्वीं पंधरा दिवस हाच प्रश्न आमच्या बैठकीच्या खोलींत येऊन बसला होता. आमचा या विषयांतील अधिकार विचाराल तर तो मॅट्रिक आणि चार संस्कृत काव्यें एवढाच. रंधा आम्हीं जन्मांत एकदांच हातीं धरला आणि त्यानें फळी सोडून आमच्या अंगठ्याचें साल काढलें. तेव्हां पुढें जें लिहीत आहों, त्यांतील शहाणपण दुसऱ्याचें आहे. चुका मात्र आमच्या.

त्याचें असें झालें. पेठेंतील आमच्या जुन्या वाड्याच्या दारांची व खिडक्यांची ज्यांनीं आयुष्यभर डागडुजी केली, ते मिस्त्री आतां साठीस आले. त्यांचा धाकटा मुलगा आमचा विद्यार्थी. विद्यार्थी म्हणजे काय, तर नववीच्या वर्षीं आम्हीं त्याला भूमितींत नापास केलें आणि त्यानें शाळा सोडली, इतकाच आमचा-त्याचा गुरुशिष्यसंबंध. (शाळा लहान होती, संस्कृताचे तास संपले कीं भूमितीहि आमच्याच गळ्यांत पडे.) १०० पैकीं २९ गुण, पास होण्यास ३५ हवे होते. ते सहा गुण कोठें गेले तेंहि आम्हांस अद्यापि आठवतें. कोन दुभागण्याचा प्रश्न होता. त्यानें आकृति अचूक काढली होती, पण सिद्धतेची एक ओळहि लिहिली नव्हती. आम्हीं शून्य दिलें. नियमाप्रमाणें तें योग्यच होतें.

तोच मुलगा एका संध्याकाळीं आला, पायांतल्या चपला दाराबाहेर नीट जोडीनें काढून ठेवल्या आणि म्हणाला, "गुरुजी, एक मशीन घ्यायचें आहे. बाबा नको म्हणतात. माहितीपत्रकें सगळीं इंग्रजींत आहेत. तुम्ही वाचून सांगितलें तर ते ऐकतील."

मशीन म्हणजे मायटर सॉ. सपाट बैठकीवर बसविलेली विजेची गोल करवत. तिचा हात पोपटाच्या चोचीसारखा वरून खालीं येतो आणि बैठक फिरवून पाहिजे त्या कोनांत पट्टी कापतां येते. मायटर हा शब्द ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांच्या टोकदार शिरोभूषणालाहि लावतात. दोन तिरप्या कडा एके ठिकाणीं मिळाव्या तसा तो आकार. असें यंत्र अमेरिकेंतील रॉकवेल कंपनीनें १९६४ सालीं प्रथम बाजारांत आणिलें. तत्पूर्वीं, आणि आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं अद्यापहि, लांकडी पेटीच्या खाचेंतून हातकरवत चालवून हें काम होतें. मिस्त्रींची तशी पेटी आम्हीं पाहिली आहे. तिच्या खाचा झिजून इतक्या सैल झाल्या आहेत कीं, त्यांतून पंचेचाळीसपासून पन्नासपर्यंत कोणताहि अंश निघावा. पण मिस्त्रींच्या हातून पंचेचाळीसच निघतो.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं मिस्त्रींना भेटलों. त्यांनीं डावा हात पुढें केला. तर्जनीचें पहिलें पेर नाहीं. फरशी कापण्याचें जें हातयंत्र मिळतें, त्यालाच लांकडाचें पातें लावून फळ्या चिरण्याची वाईट चाल आपल्याकडे सर्रास आहे. २००९ सालीं तसलेंच यंत्र उसळलें. "एकानें बोट नेलें, मास्तर," ते म्हणाले, "आणि गेल्या थंडींत दुसऱ्यानें कंबर नेली." ती हकीकत आम्हांस ठाऊक होती. एका कंत्राटदाराची मोठी सरकती करवत दोन दिवसांकरितां आणून बापलेक ती उद्वाहन नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चढवीत होते. दुसऱ्या वळणावर मिस्त्रींच्या कमरेंत जी चमक भरली, ती दोन महिने अंथरुणांतून उठूं देईना. त्या दोन महिन्यांत घर मुलाच्या एकट्याच्या कमाईवर चाललें. "आतां त्यांचें तिसरें भावंड विकत आणायचें? आणि पैसे कोणाचे, तर सुनेचे!"

पैशांची गोष्ट खरी होती. मुलाजवळ २२,००० रुपये होते: भिशीचे १४,००० आणि ८,००० त्याच्या बायकोनें ब्लाऊज शिवून शिवून सांठविलेले. यंत्र चुकीचें निघालें तर ते परत येणार नव्हते. आम्हीं कशाला या भानगडींत पडलों, असें एकदां मनांत आलें खरें.

आतां वाचक-भगिनींच्या कोपऱ्याकडे वळूं. दाराच्या चौकटीभोवतीं उभ्या दोन व आडवी एक अशी पट्टी मारतात. ती जेथें मिळते तेथें दोन्ही पट्ट्या पंचेचाळीस-पंचेचाळीस अंशांत तिरप्या कापून भिडवाव्या लागतात. काटकोनाचे हे दोन अर्धे. पट्टी तीन इंच, म्हणजे ७५ मिलिमीटर रुंद असेल तर ही तिरपी कड १०६ मिलिमीटर लांब होते. प्रत्येक तुकडा केवळ अर्धा अंश चुकला, तर सांध्यांत एक अंशाचें अंतर पडतें आणि कडेच्या एका टोकास पावणेदोन मिलिमीटरांहून मोठी फट राहते. पावणेदोन मिलिमीटर म्हणजे आमच्या चष्म्याशिवायहि दिसेल इतकी. चार कोपऱ्यांची पुरी चौकट असेल आणि आठहि काट एकाच बाजूस अर्धा अर्धा अंश चुकले, तर तीन कोपरे ओढून-ताणून मिळविल्यावर चौथ्यांत सर्व पाप एकत्र गोळा होतें आणि तेथें सात मिलिमीटरांहून मोठी भेग पडते. मुंगी नव्हे, झुरळ आंत जाईल. हा हिशेब आम्हीं कागदावर करून मुलाला दाखविला. त्यानें मान हलविली व म्हणाला, "चौथा कोपरा नेहमींच भांडतो, गुरुजी." त्याला तें आंकड्यांवांचून ठाऊक होतें.

रविवारीं आम्ही दोघे रविवार पेठेंत बोहरी आळीस गेलों. पुण्यांतील ज्या गृहस्थानें बोहरी आळी पाहिली नाहीं, त्याच्या घराचे खिळे कोणी दुसऱ्यानेंच आणिले असले पाहिजेत. पहिल्या दुकानांत आम्हीं सर्वांत मोठ्या, सर्वांत देखण्या यंत्रासमोर उभे राहिलों. बारा इंची पातें, पुढें-मागें सरकणारा हात, दोन्ही बाजूंस कलणारें डोकें. आमच्या मनांत सरळ विचार आला कीं, जें जास्त करतें तें जास्त चांगलें. मुलानें तें नुसतें एका बाजूनें उचलून पाहिलें आणि खालीं ठेवलें. या जातीचीं यंत्रें २५ किलोंच्या आसपास भरतात. त्यांची किंमत ऐकून आमचेंहि मत लगेच बदललें.

सरकत्या हाताचा उपयोग रुंद फळीला. दहा इंची पातें असलेलें साधें, न सरकणारें यंत्र सरळ काटांत सुमारें पांच इंच आणि पंचेचाळीस अंशांत सुमारें साडेतीन इंच रुंदीची पट्टी आडवी कापतें. दाराची पट्टी अडीच-तीन इंच, भिंतीच्या पायथ्याची तीन-चार इंच, कांच धरणारी पट्टी तर अर्धा इंच. मग त्या दोन दांड्यांचें ओझें रोज वाहण्यांत अर्थ काय? शिवाय जेथें सरकणें आहे तेथें कालांतरानें हलणेंहि आहे. दांड्यांत केसभर खेळ आला कीं वर सांगितलेला अर्धा अंश गेलाच म्हणून समजावें.

डोकें दोन्हीकडे कलण्याचीहि तीच कथा. पायथ्याची उंच पट्टी आडवी ठेवून पातें कलतें करून कापावी लागते, हें खरें. पण एकाच बाजूस कलणाऱ्या यंत्रावर एकदां वरची कड मागें आणि एकदां खालची कड मागें अशी पट्टी फिरविली कीं दोन्ही टोकें निघतात. थोडा डोक्याला ताप, पण दोन-तीन किलो वजन वांचतें. छताच्या कडेस बसणारी नक्षीदार लांकडी पट्टी जेथें फार चालते, त्या अमेरिकेंत या दुहेरी कलण्याचें मोल आहे. येथें एक मौज सांगतों. बहुतेक यंत्रांच्या अंशपट्टीवर ३१.६ या विचित्र आंकड्यापाशीं एक खाच असते. दुकानदारास विचारलें, त्यास ठाऊक नव्हतें. माहितीपत्रकांत मिळालें: भिंतीशीं ३८ अंश कलून बसणारी छतपट्टी आडवी ठेवून कापावयाची, तर बैठक ३१.६ व पातें ३३.९ अंशांवर ठेवावें. आम्हीं घरीं येऊन त्रिकोणमितीनें ताळा घेतला, बरोबर येतो. फार दिवसांनीं साइन-कोसाइनची भेट झाली. परंतु आपल्या घरांतून छताची कड प्लॅस्टरचीच असते. तेव्हां या खाचेला नमस्कार करून आम्ही पुढें गेलों.

हलकें घ्यावयाचें तर किती हलकें? दहा इंची साध्या यंत्रांत ११ किलोंपासून १५ किलोंपर्यंत फरक आढळतो. मकिता कंपनीचा एल्‌एस्‌ १०४० हा जुना, प्रसिद्ध नमुना ११ किलोंचा आहे. चार किलो म्हणजे फार नव्हे, असें बसून बोलणाऱ्यास वाटतें. पण वजन कांट्यावर एक असतें आणि जिन्यावर दुसरें. त्यांतहि नुसता आंकडा पाहूं नये. डोकें खालीं दाबून खिळीनें अडकवितां येतें कीं नाहीं, वर मूठ आहे कीं नाहीं, आणि ती मूठ धरली असतां यंत्र मांडीशीं सरळ लोंबतें कीं एका अंगास झुकतें, हें उचलून, दहा पावलें चालून पाहावें. मुलानें एक यंत्र घेऊन दुकानाच्या पायऱ्या दोनदां चढ-उतार केल्या. दुकानांतील पोरें हसलीं. आम्हांस त्या वेळीं मिस्त्रींची कंबर दिसत होती.

हलकेपणाची एक वाईट बाजूहि आहे आणि ती माहितीपत्रकांत लिहीत नाहींत. हात झटकन वर सोडला कीं हलकें यंत्र मागें कलंडूं पाहतें. म्हणून तें कधींहि मोकळें वापरूं नये. जाड प्लायवुडाच्या फळीवर बोल्टांनीं बसवावें आणि ती फळी घोडीला शिकंज्यानें आवळावी. फळी वेगळी, यंत्र वेगळें न्यावें, म्हणजे ओझें दोन खेपांत वांटतें.

याच सुमारास आमच्या भाच्याचा अमेरिकेंतून फोन आला. त्यास हें कळतांच तो म्हणाला, "मामा, दिवाळीला येतों आहे. इकडे अशीं यंत्रें प्रत्येक घरीं पडलेलीं असतात. मी एक घेऊन येतों, पैसे देऊं नका." मुलाचे २२,००० वांचतात म्हणून आम्ही हर्षभरित झालों, परंतु मुलानें एकच प्रश्न विचारला: "तिकडची वीज किती व्होल्टची?" तिकडची १२०, आपली २३०. तिकडचें १५ अँपियरचें यंत्र येथें चालवावयास दोन-तीन किलोवॅटांचा परिवर्तक लागणार, आणि तो स्वतःच जवळजवळ यंत्राइतका जड. हलकें यंत्र घेऊन त्याच्या शेजारीं लोखंडाचा दगड वाहून न्यावयाचा! भाच्याला आम्हीं म्हटलें, येतांना नुसता ये.

मग बॅटरीचें यंत्र कां नको? १८ व्होल्टांच्या बॅटरीवर चालणारीं सव्वासात इंची यंत्रें खरोखर सुटसुटीत असतात. पातें लहान असल्यामुळें लचकतहि कमी. ज्या इमारतींत अजून वीज आलेली नाहीं तेथें दुसरा उपाय नाहीं. पण दोन बॅटऱ्या व चार्जर धरतां किंमत पिशवीबाहेर जाते. आणि बॅटरी कांहीं वर्षांनीं थकते, तेव्हां पुन्हां तोच खर्च. मुलाचें बहुतेक काम राहत्या घरांत, जेथें वीज आहे. त्यानें तारेचें घ्यावयाचें ठरविलें. गृहिणींनीं येथें एक लक्षांत ठेवावें: १,६५० वॅटांचें यंत्र सात अँपियरांहून अधिक वीज ओढतें. सुतार तें पंख्याच्या लहान खोबणींत लावूं लागला तर त्यास इस्त्रीची वा गीझरची मोठी खोबण दाखवावी.

आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट यंत्र नव्हेच, पातें होय. करवत हा शब्द संस्कृत करपत्र यावरून आला. कर म्हणजे हात, पत्र म्हणजे पान. पुढें हात गेला, वीज आली, तरी पान राहिलें. यंत्राबरोबर जें पातें येतें, तें बहुधा चोवीस ते चाळीस दांत्यांचें असतें. तें ओबडधोबड कामास बरें. सागाच्या पट्टीला साठ ते ऐंशी दांते हवेत, नाहीं तर खालच्या बाजूस तुसें निघतात आणि मग रंगारी व सुतार एकमेकांना दोष देत बसतात. दांत्यांचा कल किंचित् मागें असावा; पुढें कल असलेलें पातें लांकडावर चढूं पाहतें आणि पट्टी हातांतून खेंचून घेतें. पात्याची जाडीहि पाहावी. सव्वातीन मिलिमीटरांऐवजीं अडीच मिलिमीटरांच्या आंतलें पातें कमी लांकूड खातें व यंत्राला कमी श्रम देतें. मात्र फार बारीक व स्वस्त पातें कठीण लांकडांत लचकतें. दुकानदार म्हणाला, "सोबतचें आहे ना, मग वेगळें कशाला?" मुलानें यंत्र एक पायरी स्वस्त निवडलें आणि वांचलेल्या पैशांत साठ दांत्यांचें चांगलें पातें घेतलें. आम्ही असतों तर नेमकें उलट केलें असतें.

निवडतांना त्यानें काय काय पाहिलें तें सांगावेंसें वाटतें. प्रथम डोकें खालीं आणून मूठ डावी-उजवीकडे हलविली. एका यंत्रांत बिजागरीला खेळ जाणवला, तें बाजूस सारलें. अशा खेळाला पुढें औषध नाहीं. दुसऱ्यावर दुकानदाराच्या परवानगीनें एक रुंद, सरळ कडेची फळी नव्वद अंशांत कापली, एक तुकडा पालथा केला आणि दोन्ही तुकडे सपाट आधाराला टेकवून कापलेल्या कडा भिडविल्या. एका टोकाशीं उजेड दिसला. पालथें केल्यानें चूक दुप्पट होऊन दिसते, ही यांतली युक्ति. आम्हांस वाटलें, हेंहि यंत्र गेलें. पण त्यानें पिशवींतून बापाचा जुना पितळी गुण्या काढला, मागच्या उभ्या आधाराचे बोल्ट सैल केले, गुण्या लावून आधार सरळ केला, बोल्ट पुन्हां आवळले आणि फळी परत कापली. उजेड नाहींसा झाला. "हें हलतेंच, गुरुजी, ट्रकमध्यें आदळून. जें सुधारतां येतें त्याला दोष म्हणायचें नाहीं." यंत्र कोणत्या कंपनीचें घेतलें तें येथें लिहीत नाहीं, संपादकांस वाटावयाचें कीं आम्ही जाहिरात करूं लागलों.

मिस्त्रींना आम्हीं बोटाविषयीं जें सांगितलें तें असें. तें जुनें हातयंत्र आणि हें, यांत अंतर आहे. यांत पात्यावर झांकण असतें व तें हात खालीं येईल तसेंच उघडतें. पट्टी मागच्या आधाराला टेकून शिकंज्यांत धरतां येते, हातांत धरावी लागत नाहीं. हात पात्यापासून सहा इंच दूर असावा. इतका लहान तुकडा कापावयाचा असेल कीं हात जवळ न्यावा लागेल, तर तो मोठ्या पट्टीच्या टोकावरच कापावा. कापून झाल्यावर बटण सोडून पातें पूर्ण थांबेपर्यंत डोकें वर उचलूं नये. फिरतें पातें उचलतांनाच तुकडा उडतो. झांकण अडतें म्हणून तें दोरीनें वर बांधून ठेवणारे शहाणे आहेत. त्यांच्याकडून काम घेऊं नये. आम्ही स्वतः पाहावयास गेलों तेव्हां मुलानें आधीं आमचें उपरणें काढून खुंटीवर ठेविलें व मगच बटण दाबलें. भुशाचेंहि तसेंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालीं लांकडाच्या भुशाला मनुष्यास कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गांत घातलें आहे. यंत्राची पिशवी थोडाच भुसा धरते. तेव्हां नाकाला मुसकी, डोळ्यांना चष्मा, कानांना बोंडे. सुतार आपल्या घरीं हें लावून बसला तर त्याला हंसूं नये. आणि तो गच्चीवर किंवा सज्जांत बसून कापावें म्हणत असेल तर जागा द्यावी.

पहिलें काम आमच्याच घरीं झालें. बैठकीच्या खोलींत एक खांब भिंतीबाहेर आला आहे. त्याच्या पायाशीं तीन इंची सागाची पट्टी फिरवावयाची होती. नव्या इमारतीचा कोपरा काटकोनांत असेलच अशी आमची भाबडी समजूत. मुलानें गुण्या लावला. गुण्या कोपऱ्यावर बसेना. आम्हीं कंपासपेटींतून कोनमापक आणावयास उठलों. "राहूं द्या, गुरुजी," तो म्हणाला. त्यानें सारख्या रुंदीच्या दोन पट्ट्या घेतल्या. एक खांबाच्या एका अंगाला लावून तिच्या बाहेरच्या कडेनें जमिनीवर पेन्सिलीची रेघ ओढली, दुसरी दुसऱ्या अंगाला लावून तशीच. दोन रेघा जेथें छेदल्या त्या बिंदूपासून खांबाच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ काढली आणि म्हणाला, "हा अर्धा." मग फिरता गुण्या त्या रेघेला लावून तोच कोन यंत्रावर घेतला. अंशपट्टीवर ४४ आले; म्हणजे खांबाचा कोपरा ९२ अंशांचा.

आम्ही त्या पेन्सिलीच्या रेघांकडे पाहत राहिलों. सारख्या रुंदीच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आल्या कीं मध्यें समभुज चौकोन होतो, आणि समभुज चौकोनाचा कर्ण कोन दुभागतो. सिद्धतेच्या चार ओळी. त्या आमच्या फरशीवर काढलेल्या होत्या. फक्त लिहिलेल्या नव्हत्या.

"ही रीत कोठें शिकलास?" आम्हीं विचारलें.

"बाबांनीं दाखविली होती. सातवींत असेन मी."

म्हणजे नववीच्या पेपराच्या वेळीं त्याला ती येत होती. आम्हीं कांहीं बोललों नाहीं. त्यानेंहि कांहीं बोलण्यासारखें आहे असें दाखविलें नाहीं. तो दुसरी पट्टी मापीत होता. शेवटीं आम्हीं एवढेंच म्हटलें कीं, बाबा रे, तुझे सहा गुण आमच्याकडे राहिले आहेत. तो हंसला आणि म्हणाला, "पट्टी जरा धरतां का, गुरुजी? तिकडून. सहा इंच लांब."

संध्याकाळीं मिस्त्री आले. उद्वाहनानें आले, हें सांगावयास नकोच. त्यांनीं सांध्यावर नजर टाकली नाहीं. खालीं बसून डाव्या हाताच्या त्या अर्ध्या तर्जनीनें तो वरपासून खालपर्यंत चांचपला, मग नख लावून पाहिलें. नख अडलें नाहीं. नंतर ते कोपऱ्यांत ठेवलेल्या यंत्रापाशीं गेले, मूठ धरून तें वीतभर उचललें, पुन्हां ठेवलें.

वाचक-भगिनींस आमचें उत्तर असें: सागाची पट्टी पुरती वाळलेली नसेल तर चांगला सांधाहि सहा महिन्यांनीं उघडतो, तेव्हां लांकडाचा दोष नाहींच असें म्हणतां येत नाहीं. परंतु सर्वच कोपरे, आणि तेहि पहिल्या दिवसापासून, उघडे असतील तर कोणीं तरी भिंतीला न विचारतां पंचेचाळीसवर खाच अडकविली आहे. पुट्टी काढवून घ्यावी, आणि त्या सुतारास कापण्यापूर्वीं कोपऱ्याला गुण्या लावावयास सांगावें. लावावयाचें नाकारलें तर आमच्याकडे एक मुलगा आहे. पुढील दोन महिने मात्र त्याला सवड नाहीं. बापानें त्याच्याबरोबर पुन्हां कामावर जावयास सुरुवात केली आहे आणि यंत्र स्कूटरवर कसें बांधावें यावरून दोघांचा अजून वाद चालू आहे.